साठ सेंटिमीटर, कुठून कुठे?

४ जून

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाच अंगंच टेकली. बाकीची तीन जमतील तशी.)

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. माझ्या दोन कानांवर सध्या दोन पक्षांनी एकाच वेळी हक्क सांगितला आहे. पहिला पक्ष चष्मा. त्याची वहिवाट बावीस वर्षांची. दुसरा पक्ष म्हणजे गोळीचा आवाज अडवणारी ती डबीएवढी कानझाकणे, जी रेंजवर सर्वांनी घालावीत असा साहेबांचा ताजा हुकूम आहे. दोघांना एकत्र नांदवावं तर चष्म्याच्या दांड्या कवटीत रुततात. चष्मा काढावा तर आकडे दिसत नाहीत. आणि ज्या माणसाला उत्तम ऐकू येतं त्याने दिवसभर कान झाकून बसावं, ज्या बाईला ऐकू येत नाही तिने श्रवणयंत्र डबीत घालून कपाटात ठेवावं, हा कुठला न्याय? तू फोनवर ‘काय? काय?’ एवढंच म्हणतेस म्हणून तर ही टपालखात्याची भरभराट चालली आहे.

आता मुद्दा. आमचं काम तुला ठाऊकच आहे: बुलेटप्रूफ जॅकेटांवर गोळ्या झाडून बघायच्या. रेंज म्हणजे खिडकी नसलेली लांबच लांब खोली. एका टोकाला शिकंज्यात आवळलेली बंदूक, दुसऱ्या टोकाला मातीच्या ठोकळ्यावर बांधलेलं जॅकेट, आणि काचेच्या खोपट्यात टिपणवही घेऊन बसलेला तुझा भाऊ. गोळीचा वेग सेकंदाला चारशे मीटर हवा, दहा इकडेतिकडे चालतात. गोळी हळू गेली तर परीक्षा सोपी होते, मग जॅकेट पास झालं याला काय अर्थ? हा वेग सांगणारं यंत्र म्हणजे क्रोनोग्राफ. एका पट्टीवर दोन कमानी उभ्या. पहिलीखालून गोळी गेली की घड्याळ सुरू, दुसरीखालून गेली की बंद.

तर हे आमचं वृद्ध यंत्र आता कधी आकडा दाखवतं, कधी नुसत्या रेघा. नवीन घ्यायचं ठरलं आहे, आणि निवडीच्या समितीत तिघं: साहेब, बंदूक चालवणारा उस्ताद, आणि मी. ज्याने पाठशाळेत बारा वर्षं धातुरूपं घोकली त्याने गोळीचा वेग कशाने मोजावा हे ठरवायचं! पण प्रमाणपत्रावर सही माझी असते, त्यामुळे सुटका नाही.

एक गंमत. दोन वर्षांपूर्वी एका चुकार गोळीने जुनी पट्टी मोडली. करणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, म्हणून आमच्या सुताराकडून लाकडी पट्टी करून घेतली. तेव्हापासून काडतुसात दारू थोडी कमी घालूनही यंत्रावर तोच चारशेचा आकडा येतो. उस्ताद म्हणतो, पट्टीचा पायगुण!

तू कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं पोरांच्या हातून यंत्रं वाचवलीस. सांग, कोणतं घेऊ?

तुझा,
पंडित

११ जून

चि. पंडितास अनेक आशीर्वाद.

श्रवणयंत्र डबीत आहे कारण शेजारीण बाहेर आहे. तिचं बोलणं ऐकलंस तर तू स्वतःच्या खर्चाने दोन कानझाकणे घेशील. चष्म्याच्या दांड्या सरळ करून घे, रुतणार नाहीत. एवढ्यासाठी अर्धं पान खाल्लंस.

आता यंत्र. कमानींचं घेतलंस तर वरच्या ट्यूबलाइटा बघ. त्या लुकलुकतात, आपल्याला दिसत नाही पण यंत्राला दिसतं, आणि मग गोळी नसतानाही ते आकडे फेकतं. बंदुकीच्या नळीला पट्ट्याने बांधायचं चुंबकवालं मिळतं. ते नळीवर ओझं टाकतं, पण तुमची बंदूक शिकंज्यात आहे, तेव्हा फारसं बिघडू नये. तिसरं रडारवालं, बाजूला ठेवायचा डबा. त्याला बंद खोलीत भिंतींचा त्रास होतो की नाही ते तिथेच ठेवून बघ.

पण माहितीपत्रकं वाचून निवडू नकोस. तुला छापलेलं सगळं खरं वाटतं, लहानपणापासूनची खोड आहे. विकणाऱ्यांना यंत्रं घेऊन बोलव. जुनं आणि नवं एकामागे एक लाव आणि एकच गोळी दोघांतून जाऊ दे. गोळी एक, साक्षीदार दोन.

आणि त्याआधी टेप घेऊन जुन्याच्या दोन डोळ्यांमधलं, म्हणजे कमानींमधलं, अंतर मोज. ही यंत्रं अंतराला वेळेने भागतात. वेळ ती इमानदारीने मोजतात. अंतर मात्र आपण सांगितलं तेच धरून चालतात.

इकडची बातमी: मुंगीची बदली रक्षक पथकात झाली. तुझी भाची आता दारातून वाकून आत येते, तरी आम्ही तिला मुंगीच म्हणतो. जुनं जॅकेट तिला पोटाशी तोकडं पडतं. नवीन मिळणार आहे, तुमच्याकडचंच. आतल्या पट्टीवर मामाची सही असणार म्हणून आत्ताच मिरवते आहे. मीही शेजारणीला सांगून ठेवलंय.

ताई

२० जून

ती. ताईस साष्टांग नमस्कार. (आज सहा अंगं.)

तुझ्या आज्ञेप्रमाणे साक्षीपुरावा झाला. तीन विक्रेते आले. पहिल्याच्या कमानींना स्वतःचे दिवे होते आणि त्याला स्वतःला टाय होता. दुसऱ्याने चुंबकवालं बांधलं. तिसरा रडारचा डबा असा जपून आणत होता की आत झोपलेलं मूल असावं.

उस्तादने प्रत्येकासाठी पाच-पाच गोळ्या झाडल्या. आमचा म्हातारा दरवेळी चारशेच्या आसपास. पहिला म्हणाला तीनशे बाहत्तर. दुसरा तीनशे चौऱ्याहत्तर. तिसरा तीनशे त्र्याहत्तर. मग साहेब म्हणाले, ‘‘बघा! कालची तीन पोरं आपल्या घरात येऊन आपल्याच आजोबांचं वय चुकीचं सांगतायत.’’ सगळे हसले. मीही.

उस्ताद तेवढा हसला नाही. तो दारूचा तराजू पुसत बसला.

न्यायशास्त्रात बाराव्या वर्षी आम्हाला शिकवलं होतं की एकमेकांना न ओळखणारे तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तर आधी आपल्या शंकेवरच शंका घ्यावी. पण शास्त्र लिहिणाऱ्यांना विक्रेते माहीत नव्हते. तुला काय वाटतं, तिघं एकाच वेळी, एकाच बाजूला चुकू शकतात का? आमच्या ट्यूबलाइटांमुळे?

अंतर मोजायचं राहिलं. त्यात मोजण्यासारखं काही नाही. यंत्राच्या पुस्तकात साठ सेंटिमीटर आहे, आणि सुताराला साठची पट्टी कर अशी चिठ्ठी मीच माझ्या हाताने लिहून दिली होती. माणूस कसबी आहे. त्याने केलेल्या माझ्या टेबलाला बारा वर्षांत कागदाची घडी लावावी लागलेली नाही.

मुंगीला सांग, मामाची सही वळणदार असते, घाईत वाचू नकोस.

तुझा,
पंडित

२५ जून

पंडित,

ट्यूबलाइटने चुंबक आणि रडार चुकत नाहीत. त्यांना उजेडाशी देणंघेणं नाही.

डोळ्यांमधलं अंतर साठपेक्षा कमी असेल तर गोळी ते लवकर कापेल, आणि यंत्र समजेल की गोळी जोरात आहे. अंतर छप्पन असेल तर खऱ्या तीनशे त्र्याहत्तरचे बरोबर चारशे दिसतील. मी दोनदा गुणाकार करून पाहिला. आणि तुझ्या उस्तादला त्या पट्टीपासून दारू कमी लागायला लागली, हे तूच लिहिलं होतंस. गोळी खरंच हळू जात असेल तर कमीच लागणार.

पायगुण वगैरे काही नसतो. हे पत्र हातात पडलं की ऊठ आणि मोज. उत्तरात बाकी काही लिहू नकोस, नुसता आकडा लिही.

ताई

९ जुलै

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुझ्या भावजयीची मान अवघडली होती. चार दिवस ती फक्त डावीकडे बघू शकत होती आणि मी नेमका उजवीकडे बसतो, त्यामुळे घरात विलक्षण शांतता नांदली. आता मान सुटली आहे. शांतताही सुटली.

चष्म्याच्या दांड्या सरळ करून घेतल्या. तुझा सल्ला रास्त ठरला. आता कानझाकणे बसतात, पण चष्मा नाकावरून घसरतो. एक पक्ष शांत केला की दुसरा कुरकुरतो.

इथे उकाडा आहे. आमची खोली कंपनीचीच, तुला आठवत असेल. बैठकीतून समोर रेंजची भिंत दिसते. पूर्वी मला ती बरी वाटायची, कामावर जायला उशीर होत नाही म्हणून. हल्ली तिकडे पाठ करून बसतो.

अंतर मोजलं. साठ आहे. काळजी नसावी.

मुंगीचं नवीन जॅकेट आलं का? मला विचारशील तर जुनं अंगाला बसलेलं असतं, त्यात हालचाल मोकळी होते. नव्याला काही महिने वास येतो, कातडी काचते. पोटाशी तोकडं असेल तर शिंप्याकडून पट्टे वाढवून मिळतात. घाईने बदलायचं काही कारण नाही. तिला म्हणावं, मामा म्हणतो, जुनंच वापर थोडे दिवस.

यंत्राचं अजून ठरत नाही.

तुझा,
पंडित

१५ जुलै

चि. पंडितास आशीर्वाद.

मुंगी तुझं पत्र वाचून खो-खो हसली. म्हणाली, ‘‘आई, मामा म्हातारा झाला. जॅकेटाला वास येतो म्हणे! मी काय त्याच्यात लोणी कढवणार आहे?’’ आणि शिंप्याकडून बुलेटप्रूफ वाढवून घ्यायचं? तू हे मुंगीच्या साहेबांना लिहिलं असतंस तर त्यांनी ते भिंतीवर लावलं असतं.

आलं नवीन जॅकेट. तिला अगदी बरोबर बसलं, पोट पूर्ण झाकतं. मी नंबर उतरवून घेतला, १७/०८४. खाली तुझी सही. खरं सांगते, हात फिरवला मी त्या सहीवर. तिने आरशासमोर उभं राहून सहीला सलाम ठोकला आणि म्हणाली, ‘‘मामा पाठीशी आहे, आता कोण काय करतंय!’’ एक ऑगस्टपासून ती पथकाबरोबर बाहेर पडणार. जुनं जमा करायचं आहे महिनाअखेर.

तुझं ते पत्र मात्र मला आवडलं नाही. मान, चष्मा, उकाडा, आणि मधेच अंतर एका ओळीत. तू लहानपणी काचेची बरणी फोडलीस तेव्हाही आधी मांजराची प्रकृती सांगत बसला होतास.

म्हणून विचारते. साठ मोजलंस ते कुठून कुठे? पट्टीच्या टोकापासून टोकापर्यंत, की डोळ्यापासून डोळ्यापर्यंत?

ताई

१९ जुलै

ती. ताईस,

टोकापासून टोकापर्यंत साठ. डोळ्यापासून डोळ्यापर्यंत छप्पन.

तुझं पंचवीस तारखेचं पत्र अठ्ठावीसला आलं, त्याच दुपारी मोजलं. टेप हातात घेऊन मी चार वेळा मोजलं, आणि प्रत्येक वेळी तो आकडा छप्पनच होता. सुताराला बोलावलं. तो म्हणाला, ‘‘पंडितजी, कडेला भोक पाडलं की लाकूड फुटतं. म्हणून दोन्हीकडून दोन-दोन सेंटिमीटर आत घेतलं. तुम्ही पट्टी साठची मागितलीत, मी साठची दिली. वर काय बसणार ते तुम्ही बोलला नव्हता.’’ बरोबर आहे त्याचं. कमानींची गोष्ट मी चिठ्ठीत लिहिलीच नव्हती, आणि पट्टी आल्यावर बसवतानाही मोजली नव्हती. सुंदर गुळगुळीत केली होती, म्हणून तिच्यावर हात फिरवला होता.

साहेबांना सांगितलं. त्यांनी मला रेंजमध्ये नेलं, दार लावलं आणि बाहेरचा लाल दिवा चालू केला. तो दिवा लागला की गोळीबार चालू आहे असं समजून कुणी आत येत नाही आणि आतल्या कुणाला बाहेर जाता येत नाही. बंदुकीत गोळी नव्हती. आम्ही दोघंच होतो.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, ‘‘पंडित, दोन वर्षांत एकोणीस बॅच गेल्या. एका बॅचची दीडशे जॅकेटं. सगळी परत बोलवायची म्हणजे उद्या दाराला कुलूप. इथे चाळीस घरं जेवतात, त्यातलं एक तुमचं, आणि ते घरही आपलंच.’’ मग म्हणाले, ‘‘आजवर एक तरी जॅकेट फाटल्याची तक्रार आली?’’ मी म्हटलं, ‘‘ज्याचं फाटेल तो तक्रार कशी करणार?’’ त्यांनी बंदुकीचा शिकंजा उगाच एकदा आवळला. मग खिशातून एक कागद काढला. माझी चिठ्ठी. पट्टी, साठ सेंटिमीटर, खाली माझी वळणदार सही. दोन वर्षं जपून ठेवली होती की त्याच सकाळी शोधून काढली, ते मी विचारलं नाही.

तोडगा त्यांनी तिथेच सांगितला. रडारवाला विक्रेता तयार आहे. त्याच्या यंत्रात एक गुणक भरता येतो. तो भरला की नवं यंत्र जुन्याशी तंतोतंत जुळतं. तीनशे त्र्याहत्तरला चारशे म्हणतं. ‘‘जुळणारं यंत्र घ्यायचं,’’ साहेब म्हणाले, ‘‘म्हणजे जुनं बरोबर होतं हे आपोआप दिसतं.’’ निवडीची टिपणी टाइप होऊन आली आहे. त्यांची सही झाली आहे. उस्तादने अंगठ्याला तेल लागलंय असं सांगून दोन दिवस टाळलं, मग काल केली. त्याला तीन मुली आहेत. माझी जागा मोकळी आहे. मुदत सोमवार सकाळपर्यंत.

हे सगळं माहीत असताना मी तुला ‘साठ आहे’ असं लिहिलं. तुझ्या भावजयीची मान मात्र खरंच अवघडली होती.

मला वाटलं होतं, मुंगीने जुनं जॅकेट सोडलं नाही की झालं. बाकीचं हळूहळू बघू. मग तुझं पत्र आलं, १७/०८४.

प्रत्येक बॅचमधलं एक जॅकेट आम्ही नमुना म्हणून कपाटात ठेवतो. काल साहेब बाहेरगावी होते. मी सतराचा नमुना काढला आणि उस्तादला म्हटलं, दारू वाढव, आपल्या म्हाताऱ्यावर चारशे अठ्ठावीस दिसेपर्यंत. म्हणजे खरे चारशे. तो म्हणाला, ‘‘पंडितजी, बघायचंच आहे का?’’ मी म्हटलं, भाचीचं आहे. त्याने तराजू पुढे ओढला.

सहा गोळ्या झाडल्या. चार जॅकेटात अडकल्या. दोन पार गेल्या. मागच्या मातीच्या ठोकळ्यातल्या भोकात मी माझी पेन्सिल घातली. ती पूर्ण आत गेली, वरचा रबरही दिसेना.

ताई, तू हे पत्र वाचून होताच मुंगीकडे जा. उद्या नको, आज. जुनं जॅकेट जमा करू देऊ नकोस. पोट उघडं राहिलं तरी चालेल. नवीन तिच्या अंगावर दिसता कामा नये. तिला कारण सांग, माझं नाव घेऊन सांग. तिने तो सलाम परत घेतला तर मला वाईट वाटणार नाही.

सोबत एक कागद आहे. त्यात पट्टीचं माप, तिन्ही यंत्रांचे आकडे, कालच्या सहा गोळ्या, एकोणीस बॅचचे नंबर आणि माझी सही आहे. आजची तारीख घातली आहे. तो कुणाकडे द्यायचा ते मुंगीच्या वरिष्ठांना विचार. मी तो इथून सरळ पाठवू शकलो असतो. पाकीट केलं होतं, पत्ताही लिहिला होता. चार दिवस ते माझ्या खणात होतं, आणि रोज दुपारी मी ते बाहेर काढून पुन्हा आत ठेवत होतो. काल आकडे आले, म्हणून आज कागद नव्याने लिहिला, पण पाकिटावरचा पत्ता मात्र तुझा घातला. तुझ्याकडे पाठवायला मला धीर होतो, त्यांच्याकडे होत नाही. सोमवारी त्या टिपणीवर माझी सही झाली तरी हा कागद तिच्या आधीचा आहे. झाली तर, असं मी लिहिलं आहे ते बघ. मी करणार नाही असं मला अजून लिहिता येत नाही.

घराची आणि नोकरीची काळजी आहे, ती सगळ्यांना असते. चिठ्ठी माझी होती त्याचं जे व्हायचं ते होईल. मला खरी काळजी वेगळी आहे. बाकीची दोन हजार आठशे एकोणपन्नास जॅकेटं घातलेल्या कुणाचीही आई मला पत्र लिहीत नाही. अठ्ठावीस जूनला मला सगळं कळलं होतं, आणि मी फक्त एका जॅकेटाबद्दल लिहिलं. त्या सतरा नंबरच्या बॅचमध्ये आपली मुंगी नसती तर मी गप्प बसलो असतो.

तुझा,
पंडित